१८ फुटी नावेवर स्वस्त चार्ट प्लॉटर कसा बसवावा

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यातल्या चार मित्रांची मिळून १८ फुटी फायबरची उघडी नाव आहे, मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. नाव भरूचच्या खाली नर्मदेच्या खाडीत असते, कधी मुखापर्यंत, कधी दहेजच्या बाजूला जाते. ५ ते ७ इंची स्वस्त चार्ट प्लॉटर (समुद्राच्या नकाशावर, म्हणजे चार्टवर, नावेची जागा दाखवणारं जीपीएस यंत्र), साउंडरसकट (आवाज सोडून खोली मोजणारी सोय), घरच्या घरी बसवायचा आहे. कोणता घ्यावा, वीज कुठून द्यावी, ट्रान्सड्यूसर (साउंडरचा आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग) कुठे लावावा, आणि खंभातच्या आखातात त्याच्यावर किती विसंबावं?

घरच्या घरी नक्की बसवता येतो, दोन सुट्ट्यांचं काम आहे. महागड्या आणि स्वस्त प्लॉटरमध्ये नावेची जागा दाखवण्याच्या बाबतीत आता फारसा फरक उरलेला नाही. स्वस्त यंत्र फसतं ते वायरीत आणि ट्रान्सड्यूसरच्या जागेत. म्हणून ७ इंचांऐवजी ५ इंचांचा पडदा घेतला तरी चालेल, वाचलेले पैसे बॅटरी, वायर आणि फिटिंगवर घाला.

खरेदीची गोष्ट आधी. दुकानात 'जीपीएस फिशफाइंडर' म्हणून जे विकलं जातं त्यातल्या बऱ्याच यंत्रांत चार्ट टाकण्याची सोयच नसते. गार्मिन कंपनीची स्ट्रायकर मालिका याचं उदाहरण: तिच्यात खुणा, आपण गेलेला मार्ग आणि स्वतः नोंदवलेली खोली दिसते, पण किनाऱ्याचा चार्ट चढत नाही. नदीत तेवढं पुरतं. मुखाबाहेर जाणार असाल तर चार्टचं मेमरी कार्ड घेणारा प्लॉटरच हवा. परदेशातून कुणी आणून देत असेल तर आत भरलेला चार्ट तिथल्या किनाऱ्याचा असतो, भारताचं कार्ड वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि एका कंपनीचं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात चालेलच असं नाही. म्हणून आधी खंभातच्या आखाताचं कार्ड कोणत्या यंत्रासाठी मिळतं ते पाहा आणि मग यंत्र ठरवा. आपल्या किनाऱ्याचं अधिकृत सर्वेक्षण नौदलाच्या अखत्यारीतलं डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस करतं. खाजगी कार्डांमधली माहितीही शेवटी अशाच अधिकृत सर्वेक्षणांवर उभी असते.

यंत्र हातात आलं की ड्रिल बाहेर काढू नका. घरी १२ व्होल्ट २ अँपिअरच्या अडॅप्टरवर लावा, सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि सिम्युलेटरवर बटणं शिकून घ्या. मग सिम्युलेटर बंद केल्याची खात्री करा. तो चालू राहिला तर पाण्यावरही यंत्र खोटीच जागा आणि खोटीच खोली दाखवत राहतं, आणि ती अगदी खरी वाटते. उपग्रहांच्या सेटिंगमध्ये एसबीएएस किंवा वास (WAAS) असा, जागेतली चूक उपग्रहावरून दुरुस्त करणारा पर्याय असेल तर चालू ठेवा. आपल्याकडे 'गगन' ही त्याच जातीची प्रणाली आहे, यंत्र तिला ओळखत असेल तर जागा आणखी नेमकी मिळते.

आता वीज. साउंडरसकट ५ ते ७ इंची यंत्र साधारण १ ते १.५ अँपिअर खातं. ही मागणी काहीच नाही, तरी सर्वांत जास्त तक्रारी इथेच येतात, कारण इंजिनाची आणि प्लॉटरची बॅटरी एकच असते. सेल्फ मारला की क्षणभर व्होल्टेज ९–१० च्या खाली जातं आणि प्लॉटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. गाळात अडकल्यावर माणूस घाईघाईने सेल्फ मारतो, नेमका तेव्हाच पडदा काळा होतो.

तुमचं इंजिन दोरीने सुरू होणारं असेल तर अडचण वेगळी आहे. अशा टू-स्ट्रोक इंजिनांची लायटिंग कॉइल (इंजिन फिरताना वीज तयार करणारं वेटोळं) एसी देते. रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा) बसवला तरी रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) असेलच असं नाही. इंजिन पूर्ण वेगात असताना बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. १५ व्होल्टच्या वर काटा जात असेल तर प्लॉटर तिथे जोडू नका. बहुतेक यंत्रं १८ व्होल्टपर्यंत सोसतात, पण माहितीपत्रकातला आकडा पाहिल्याशिवाय हे गृहीत धरू नये. आणि चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर निघाली तर व्होल्टेज त्याच्याही पुढे उडी मारतं.

मी इथे एकच सल्ला देईन: प्लॉटरला स्वतंत्र छोटी बॅटरी द्या, इंजिनाशी संबंधच नको. हिशेब सोपा आहे. १.२ अँपिअर आणि ८ तास म्हणजे ९.६ अँपिअर-तास. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे २० अँपिअर-तासांची (एएच) घ्यावी लागेल. यूपीएसमधली ७ एएचची बॅटरी स्वस्त पडते, पण त्या हिशेबाने ती तीन तासही धड पुरत नाही. १२ एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८ तास आरामात देते, वजनाला हलकी, उचलून घरी नेता येते. तिला तिचाच चार्जर लावायचा, १४.४ ते १४.६ व्होल्टचा, इंजिनाच्या कॉइलवर ती कधीच चार्ज करू नका.

वायर टिन केलेल्या, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याचीच हवी. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं पडतं आणि ते वरच्या प्लास्टिकखाली दिसत नाही. 'मरीन वायर' म्हणून मागितलीत तर बडोद्यात दुकानदार मान हलवेल, पण सोलरवाल्याकडे जा. सोलर पॅनेलची ४ चौरस मिलिमीटर डीसी केबल टिन केलेल्या तांब्याचीच असते आणि तिचं आवरण उन्हात तडकत नाही. या कामाला ती गरजेपेक्षा जाड आहे, जाड असण्याने काही बिघडत नाही. फक्त खरंच टिन केलेली आहे का ते टोक सोलून पाहा: तार चंदेरी दिसली पाहिजे.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून १८ सेंटिमीटरच्या आत फ्यूज. कित्येक जण तो कन्सोलमागे (सुकाणूजवळच्या पेटीमागे) यंत्राजवळ लावतात, मग मधली सगळी वायर संरक्षणाविना राहते. ती कुठे घासून शॉर्ट झाली तर आगच. फ्यूज किती अँपिअरचा ते माहितीपत्रकात असतं, या आकाराच्या यंत्रांना बहुधा ३ अँपिअर. गाड्यांत असतो तो ब्लेड फ्यूज, झाकण असलेल्या होल्डरमध्ये. काचेचा नको, त्याच्या टोप्या गंजतात. जोड पिळून वर चिकटपट्टी गुंडाळायची नाही. क्रिम्प करायचा (धातूच्या नळीत घालून पक्कडीने दाबायचा) आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवायची. गरम केल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाची बारीक कडा बाहेर आली की जोड बंद झाला. वायर यंत्रात शिरण्याआधी तिला खाली झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, प्लगपर्यंत पोचत नाही.

उघड्या नावेत प्लॉटर कन्सोलमध्ये कापून बसवू नका, ब्रॅकेटवरच ठेवा. रोज काढून नेता येतो, आणि तो रोज काढायलाच हवा. मे महिन्यात बडोदा–भरूचकडे ४२–४३ अंश असतं. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा झाकणाखाली तापलेल्या कन्सोलवर तापमान याच्या कितीतरी वर जातं आणि पडदा काळा पडू लागतो. आयपीएक्स ७ ही खूण असली तरी तिचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं एवढाच आहे, महिनोन्महिने खारं पाणी उडण्याचा तिच्याशी संबंध नाही.

ब्रॅकेट लाकडात लावायच्या स्क्रूने पातळ फायबरवर धरत नाही. आरपार बोल्ट, खालून मोठा वॉशर आणि नायलॉक नट, सगळं एसएस ३१६ चं, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं. भोक पाडताना जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत कडक थर) तडकतो, म्हणून वर मास्किंग टेप लावा, सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवून जेलकोट खरवडून घ्या आणि मग सुलटं चालवा. सीलंट पॉलियुरेथेनचं. बाथरूमला लावतात ते व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन धातू खातं, शिवाय एकदा लागलं की त्या जागेवर पुढे काहीच चिकटत नाही.

जागा पक्की करण्याआधी प्लॉटर नुसता हातात धरून चालू-बंद करा आणि होकायंत्राकडे पाहा. सुई हलली तर अंतर वाढवा. अर्धा मीटर बहुधा पुरतो. जीपीएसचा अँटेना यंत्राच्या आतच असतो. वर ताडपत्री किंवा फायबरचं छत चालतं, पत्र्याचं चालत नाही.

ट्रान्सड्यूसरला मात्र वेळ द्या. ट्रान्समवर, म्हणजे इंजिन टांगतो त्या मागच्या फळीवर, उजव्या बाजूला लावायचा. मागून पाहिलं तर बहुतेक आउटबोर्डचा पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, उजवीकडे पाती खाली जातात आणि तिथे बुडबुडे कमी असतात. पंख्याच्या मध्यापासून किमान ३८ सेंटिमीटर लांब. तळाला लांबट कंगोरे असतील तर त्यांच्या रेषेत मागे नको, कंगोऱ्यामागून फेसाळ पाणीच येतं. फायबरच्या नावेला ट्रान्सड्यूसरचं तोंड तळाच्या पातळीपेक्षा ३ मिलिमीटर खाली आणि पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर ठेवा. वेग घेतल्यावर खोलीचा आकडा गायब होत असेल तर यंत्र बिघडलेलं नसतं, तोंडाखालून हवा जात असते. २–३ मिलिमीटर खाली घ्या, किंवा मागची कड किंचित खाली झुकवा.

पहिल्याच फटक्यात जागा बरोबर येईल असं धरू नका, म्हणून भोकं थेट ट्रान्सममध्ये पाडायची नाहीत. आधी एक पाटी बसवायची. प्लास्टिकची एचडीपीई पाटी पुष्कळ जण वापरतात, पण तिला कोणताही गोंद धरत नाही, ती स्क्रूनेच बसवावी लागते. बडोद्यात त्याहून चांगली वस्तू मिळते. ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरचा एवढा धंदा असल्यामुळे ग्लास-इपॉक्सी शीटचे कापलेले तुकडे मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे विचारलंत तर मिळतील. १२ मिलिमीटर जाडीचा, साधारण १५ बाय २० सेंटिमीटरचा तुकडा घ्या. त्याची एक बाजू आणि ट्रान्समवरची जागा ८० नंबरच्या पेपरने घासा, अॅसिटोनने पुसा आणि इपॉक्सीने चिकटवा. ट्रान्सड्यूसरच्या ब्रॅकेटसाठी पाटीतच एम-५ चे आटे पाडा, पण आरपार जाऊ नका. पुढे जागा दहा वेळा बदलली तरी ट्रान्समला एकही नवं भोक पडत नाही. ट्रान्समच्या आत प्लायवूड असतं, त्यात पाणी शिरलं की वर्षा-दोन वर्षांत तो आतून कुजतो आणि इंजिनाचं वजन त्याच्यावरच असतं.

केबल कापून लांबी कमी करायची नाही; उरलेली वेटोळी करून बांधा. इंजिनाच्या वायरींपासून आणि व्हीएचएफ रेडिओच्या केबलपासून ती फूटभर दूर न्या. पडद्यावर ठरावीक अंतराने ठिपके किंवा तिरप्या रेघा दिसल्या तर इंजिन, बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसणारा), रेडिओ एकेक बंद करून पाहा. ज्याच्याबरोबर रेघा जातात तो दोषी, आणि उपाय बहुतेक वेळा केबलचा मार्ग बदलणं एवढाच असतो.

नाव ओहोटीला गाळावर बसत असेल, आणि नर्मदेच्या खाडीत ती बसतेच, तर ट्रान्समवरचा ट्रान्सड्यूसर गाळात रुततो, नाव वर येताना ब्रॅकेट मोडतो. वर उचलला जाणारा ब्रॅकेट घ्या. नाहीतर ट्रान्सड्यूसर नावेच्या आतून, तळालाच चिकटवण्याचा पर्याय आहे. त्यासाठी तिथला तळ भरीव फायबरचा हवा. मध्ये फोम, प्लाय किंवा हवा असेल तर आवाज पार होत नाही. चिकटवण्याआधी त्या जागी पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी ठेवून तिच्यात ट्रान्सड्यूसर दाबून धरा आणि आकडा येतो का पाहा. आला तर इपॉक्सीत बसवा, आत एकही बुडबुडा राहू देऊ नका. यात ताकद थोडी घटते, पाण्याचं तापमान कळत नाही आणि बाजूचं किंवा खालचं चित्र काढणारे प्रकार चालत नाहीत. १०–१५ मीटर खोलीसाठी साधा ट्रान्सड्यूसर आतून उत्तम चालतो. रोज गाळावर टेकणाऱ्या नावेला मी हाच पर्याय सुचवेन.

कोणती फ्रिक्वेन्सी? सगळे २०० किलोहर्ट्झ सांगतात आणि स्वच्छ पाण्यात ते बरोबरच आहे. खंभातच्या आखातात आणि नर्मदेच्या मुखाशी पाणी गाळाने भरलेलं असतं आणि तळाशी पातळ चिखलाचा थर असतो. २०० किलोहर्ट्झचा आवाज त्या पातळ थराच्या वरच्या कडेवरूनच परत येतो, तो कठीण तळ नसतो. ७७ किंवा ८३ किलोहर्ट्झ त्यात थोडा खोल शिरतो. म्हणून दोन्ही फ्रिक्वेन्सी असलेला ट्रान्सड्यूसर घ्या. दोघांच्या आकड्यांत फरक दिसला तर खाली मऊ चिखल आहे असं समजा आणि कमी आकडा धरून चाला. गेन (परत आलेला आवाज किती वाढवून दाखवायचा ते) स्वयंचलित न ठेवता हाताने कमी करा, नाहीतर तरंगणारा गाळच तळ म्हणून रंगतो. खात्री करायला फुटांच्या खुणा केलेला लांब बांबू नावेत ठेवा. पाणी निवांत असताना दोन-तीन ठिकाणी टोचून आकडा ताडून पाहा.

मग ऑफसेट. यंत्र खोली मोजतं ती ट्रान्सड्यूसरच्या तोंडापासून. तोंड पाण्याखाली २० सेंटिमीटर असेल तर अधिक ०.२० घाला म्हणजे पृष्ठभागापासूनची खोली मिळते. काही जण इंजिनाच्या तळटोकाखाली किती पाणी उरलं ते पाहणं पसंत करतात आणि वजा आकडा घालतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण नाव चौघांची आहे, तेव्हा एकच ठरवा आणि कन्सोलवर पक्क्या शाईने लिहून ठेवा. चार्टशी तुलना करायची असल्याने मी पृष्ठभागापासूनची खोली ठेवायला सांगेन.

चार्टवर किती विसंबावं, हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग. भावनगरला उधाणाच्या भरती-ओहोटीत १० मीटरच्या वर फरक पडतो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होतं, वाळूचे दांडे सरकतात आणि सर्वेक्षण जुनं होत जातं. २०१७ साली सुरू झालेल्या घोघा–दहेज फेरीला दहेजच्या बाजूला गाळाने इतकं सतावलं की २०२० पासून फेरी घोघा–हजीरा अशी चालू लागली. मोठ्या जहाजाचा हा अनुभव असेल तर तुमच्या कार्डावरची खोली आजची आहे असं मानण्याला काहीच आधार नाही. नर्मदेवर भाडभूतला बंधाऱ्याचं काम निघाल्यापासून त्याच्या वर-खालच्या पात्रात तर जुना चार्ट धरूच नका.

एक उदाहरण करून पाहा. चार्टवरची खोली चार्ट डेटमपासून, म्हणजे जवळजवळ सर्वांत खोल ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. चार्ट सांगतो १.२ मीटर आणि त्या वेळी भरतीची उंची आहे ४.५ मीटर. पाणी ५.७ असायला हवं. साउंडर ३.९ दाखवतो. म्हणजे त्या जागी तळ १.८ मीटर वर आला आहे, आणि पूर्ण ओहोटीला तिथे कोरडं पडेल. उलट, ज्या आकड्याखाली रेघ असते ती जागा ओहोटीला तेवढी उघडी पडते: रेघेचा ३ आणि भरती ४.५, तर पाणी फक्त दीड मीटर. भरतीच्या वेळा सर्व्हे ऑफ इंडियाच्या टाइड टेबलांतून घ्या, पण भावनगरची वेळ नर्मदेच्या खाडीला जशीच्या तशी लागू होत नाही. तुमच्या धक्क्यावर एक खुणेची काठी रोवा आणि काही दिवस फरक टिपा. पडद्यावर चार्ट खूप मोठा केला की रेघा फार नेमक्या वाटतात. सर्वेक्षणात नसलेली बारीक माहिती मोठं करून येत नाही.

या पाण्यात सर्वांत भरवशाचा चार्ट तुमच्याच नावेच्या मार्गाचा. ट्रॅकची नोंद वेळेवर न ठेवता अंतरावर ठेवा, दर १० मीटरला एक बिंदू. नव्या पट्ट्यात पहिल्यांदा जाताना अर्धी भरती चढून गेल्यावर, पाणी वाढत असतानाच शिरा. टेकलात तरी थोड्या वेळाने पाणीच उचलेल. उतरत्या पाण्यात, त्यातही उधाण ओसरत असताना टेकलात तर पुढची मोठी भरती येईपर्यंत तिथेच राहाल. उथळ पाण्याचा गजर २ मीटरवर लावा, आणि पावसाळ्याआधीचे ट्रॅक पावसाळ्यानंतर वेगळ्या रंगात ठेवा. पुराने पात्र बदललेलं असतं.

खूण हाताने भरताना अंशांची पद्धत तपासा, कारण ही चूक जागेवर लक्षातच येत नाही. कुणी २१ अंश ४२.५ मिनिटं अशी जागा सांगितली आणि तुमचं यंत्र दशांश अंशांवर असताना तुम्ही २१.४२५ भरलंत, तर खूण ३१ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडते. खरा आकडा २१.७०८३३ आहे. अंश आणि दशांश मिनिटं हीच पद्धत ठेवा, तिच्यात मिनिटाचा हजारावा भाग २ मीटरपेक्षाही कमी असतो. कागदी जुना चार्ट वापरत असाल तर त्याच्या कोपऱ्यात डेटम पाहा (इथे खोलीचा नव्हे, अक्षांश-रेखांश ज्यावर मोजले तो आधार). डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएसचा आधार, लिहिलेलं नसेल तर त्यावरचे अक्षांश-रेखांश प्लॉटरमध्ये तसेच भरू नका.

फेरी झाली की पडदा आधी गोड्या पाण्याने धुवा आणि मगच मऊ कापडाने पुसा, नाहीतर मिठाचे कण ओरखडे काढतात. स्पिरिट किंवा काचेचं क्लिनर नको, वरचा थर निघतो. प्लगची टोकं कोरडी करून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा. ट्रान्सड्यूसर बाहेरून लावला असेल तर तोंडावर शेवाळ आणि शिंपले धरतात, ते प्लास्टिकच्या पट्टीने काढा, पत्र्याने खरवडू नका. त्यावर रंग लावायचाच असेल तर वॉटर-बेस्ड, म्हणजे थिनरऐवजी पाण्यात कालवलेला अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग), एकच पातळ हात. थिनरवाला रंग ट्रान्सड्यूसरचं प्लास्टिकच खाऊन टाकतो.